सारेलच्या गळ्यावर पहारा

घोट गिळला की सारेलचा कंठमणी वर जातो आणि खाली येतो. माणूस बारीक, मान कोंबड्यासारखी लांब, त्यामुळे खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही ते दिसतं. सारेल माझा नवरा. गेलं वर्षभर मी त्या कंठमण्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहत होते. तो वर गेला की माझा संसार गेला, इतकं ते सरळ होतं.

आमच्या बापजाद्यांना या खोऱ्यातल्या द्राक्षमळ्यांवर मजुरीतच वाइन मिळायची, दिवसातून पाचदा, पत्र्याच्या मगातून. मळेवाल्यांना ते सोयीचं होतं. पिणारा माणूस मळा सोडून कुठे जातोय? सारेल तेराव्या वर्षी त्या रांगेत उभा राहिला. पुढे कायदा झाला, पत्र्याचे ते मग बंद झाले, सारेलचं पिणं काही बंद झालं नाही. सात वर्षांपूर्वी तोडणीच्या दिवसांत त्याने द्राक्षांनी भरलेला ट्रेलर उतारावर उलटवला. खाली मी होते. डाव्या पायाची दोन बोटं गेली. दवाखान्यातल्या खाटेवरून मी त्याला म्हटलं, "यापुढे एक घोट, आणि मी कायमची बहिणीकडे." त्याने सोडली. तेव्हापासून दर गुरुवारी चर्चच्या मागच्या खोलीत त्याच्यासारखे सात-आठजण जमतात, तिथे जाऊन बसतो, काळी कॉफी पितो आणि घरी येतो.

एल्रिना आमची एकुलती एक. मजुरांच्या घरांच्या ओळीतून उठून शेतकी कॉलेजात वाइन करायला शिकलेली पहिली पोर, आणि आमच्या मळ्याचे मालक दु प्रीझ साहेब यांच्या वाइनच्या तळघराच्या किल्ल्या कमरेला लावणारीही पहिलीच. त्या किल्ल्यांचा आवाज ऐकायला शेजारच्या बायका उगाच दारात उभ्या राहायच्या. मीही राहायचे, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी जूनमध्ये तिला ताप आला. आठ दिवसांनी ताप गेला. मग एका संध्याकाळी मी बाहेरून आले तर चुलीवर कांदे जळून कोळसा झालेले, घरभर धूर, आणि ही शेजारी उभी राहून फोन बघतेय.

"काय गं, उभ्या उभ्या झोपलीस का?"

तिने कढईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मटकन खाली बसली. "मा, मला वासच येत नाहीये. आठवडा झाला."

डॉक्टर म्हणाले, येईल परत. महिन्यात येईल, वर्षात येईल, कदाचित नाहीही येणार. जिभेला आंबट-गोड-कडू तेवढं कळत होतं. वाइन करणाऱ्या पोरीला तेवढ्याने काय होतं?

आणि वेळ अशी की साहेबांनी तिला नुकतंच सांगितलेलं, पुढच्या जुलैत मळ्याची मोठी लाल वाइन तूच जमवायची. पाच पिंपांमधून कुठलं किती घ्यायचं ते तू ठरवायचंस, बाटलीच्या मागे तुझं नाव. त्याच्या तयारीसाठी वर्षभर दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एकेका मुलखातल्या वाइनरींत जाऊन चव घ्यायची, वहीत लिहायचं, आणि सोमवारी वही साहेबांच्या टेबलावर ठेवायची. साहेब तीच वाइन मागवून स्वतः ताडून बघायचे. नाक गेल्याचं कळलं की किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला.

"नाक येईपर्यंत सांभाळून घ्या," एल्रिना म्हणाली, आणि तिने बापाकडे पाहिलं.

सारेलने एकतीस वर्षं त्याच तळघरात काढलीत. कुठलं पिंप बिघडलंय ते तो दारातून सांगायचा. असं नाक खोऱ्यात दुसरं नाही, हे साहेबही म्हणायचे, तो शुद्धीत असेल तेव्हा.

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही. सहा वर्षांवर पाणी सोडायचंय का?"

"मी तोंडात फिरवीन आणि थुंकेन," सारेल म्हणाला. "तिथे सगळेच थुंकतात. श्रीमंत लोक तर पैसे देऊन थुंकतात."

"आणि नाही थुंकलास तर?"

"तू आहेसच की, द्रीका."

म्हणून मी गेले. प्रत्येक वेळी.

ऑगस्टमध्ये तुल्बाख. आमच्याकडे ऑगस्ट म्हणजे हिवाळा, डोंगरावर बर्फ होतं. चव घेण्याच्या खोलीत शेकोटी, काउंटरवर ग्लासांची ओळ, प्रत्येक दोन माणसांमध्ये थुंकायला स्टीलची छोटी बादली. सारेलने पहिला ग्लास नाकाशी नेला आणि डोळे मिटले. सहा वर्षांनी भेटलेल्या माणसाला ओळखावं तसा त्याचा चेहरा झाला, आणि मी त्याच्या आणखी जवळ सरकले. त्याने घोट घेतला. गाल हलले. मी मानेकडे बघत राहिले. मग तो वाकला आणि थुंकला.

"पेरूची साल," तो पुटपुटला. "ओलं गोणपाट. मागून रविवारची इस्त्री."

एल्रिनाने कॉलेजातल्या शब्दांत ते वहीत उतरवलं. पोरगी हुशार. पण घाईत 'रविवारची इस्त्री' तशीच राहिली. सोमवारी साहेबांनी, म्हणजे आमच्या मेनीरनी, त्याच ओळीवर बोट ठेवलं. "हे काय?" एल्रिना म्हणाली, "गरम लोखंड, मेनीर. इस्त्रीखाली कापड ओलं असताना येतो तो वास." साहेबांनी ग्लास नाकाशी नेला, बराच वेळ तसाच धरला, आणि हसले. "कॉलेजात हे शिकवत नाहीत," म्हणाले. घरी येऊन सांगताना ती दोनदा दाराची कडी लागलीय का ते बघून आली. सारेल मात्र खुशीत होता. रात्रीचं जेवण होईस्तोवर तो इस्त्रीबद्दलच बोलत होता.

ऑक्टोबरमध्ये स्वार्टलांडला तीन वाइनरी केल्या. तिसरीतून बाहेर पडल्यावर सारेल एल्रिनाच्या समोर हात पसरून उभा राहिला. "किल्ली दे. मी चालवतो. बसून बसून माझे गुडघे आखडलेत."

ट्रेलर उलटल्यापासून या माणसाने स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता. "गुडघे आखडलेत तर चाल जरा," मी म्हटलं. "गाडी कशाला?"

"द्रीका, मी कोरडा आहे. तू बघितलंस ना?"

बघितलं होतं. तरी मला धसका बसला. गाडीची किल्ली हातात आली की माणूस एकटा कुठेही जाऊ शकतो, दारूच्या दुकानातही. पण एल्रिनाने हसत किल्ली देऊन टाकली आणि मागच्या सीटवर डोळे मिटून पडली. तेव्हापासून प्रत्येक शनिवारी तोच चालवायचा. मी शेजारी बसून रस्त्याकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघायचे.

डिसेंबरात समुद्राकडच्या बाजूला गेलो. सुट्ट्यांचे दिवस, पाय ठेवायला जागा नाही. गर्दीत सारेल मागे अडकला, मी त्याच्या मागे, आणि काउंटरवर एल्रिना एकटी. ओतणारी मुलगी गोड बोलणारी होती. तिने एल्रिनाचा मळ्याच्या नावाचा शर्ट पाहिला.

"अय्या, तुम्ही वाइन करता? मग सांगा ना, यात काय काय सापडतंय तुम्हाला?"

लांबूनच मी एल्रिनाची मान ताठ झालेली पाहिली. तिने ग्लास हुंगला. हुंगण्याचं नाटक तिने आता छान बसवलं होतं. "सुंदर आहे," ती म्हणाली. "पिकलेलं फळ. ताजं."

मुलीचं हसू जागच्या जागी थांबलं. "ताजं?"

तेवढ्यात सारेल कोपराने वाट काढत पोहोचला, त्याने तो ग्लास उचलून नाकाखालून नुसता नेला. "ओला पुठ्ठा," तो मोठ्याने म्हणाला. "बाई, बाटली खराब निघालीय. बूच कुजकं आहे. माझी मुलगी भिडस्त, दुसऱ्याच्या घरी जाऊन वाईट बोलत नाही. मला मेल्याला लाज नाही."

आजूबाजूचे हसले. ओतणाऱ्या मुलीनेही हुंगलं, लाल झाली, माफी मागून नवी बाटली आणायला गेली. मग मी काउंटरकडे पाहिलं. आधी ओतून ठेवलेले तीन ग्लास रिकामे होते.

"हे कोणी संपवले?" मी सारेलच्या कानाशी विचारलं.

"बादलीत ओतले."

"कधी? मी तुझ्यावरून नजर काढलेली नाही."

"मग तुला माहीतच असेल," तो म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला. नजर चुकवणारा सारेल मी वीस वर्षं पाहिलाय. त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी त्याला दारात उभं करून श्वास सोडायला लावायचे. तो सोडायचा. कॉफीचा वास यायचा, बस.

फेब्रुवारी-मार्च तोडणीत गेले. तळघरात एल्रिनाला दिवसाचे चौदा तास, आणि सारेल काहीतरी निमित्त काढून तिला डबा द्यायला जायचा, आंबत घातलेला रस हुंगून यायचा. "बरी आहे ना ती?" मी विचारायचे. "दमलीय," म्हणायचा. नाक काही परत आलं नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लवंगेच्या, लिंबाच्या, गुलाबाच्या बाटल्या तिने सुरुवातीला रोज हुंगल्या. पुढे त्यांच्यावर धूळ बसली.

एप्रिलमध्ये पार्लहून परतताना गाडीत पेपरमिंटचा वास भरला होता. पेपरमिंट म्हणजे काय, ते पिणाऱ्याच्या बायकोला विचारावं. लग्नानंतरची पहिली दहा वर्षं माझ्या घरात त्याच वासाने संध्याकाळ व्हायची. मी सारेलच्या कोटाच्या खिशात हात घातला आणि अर्धा संपलेला पुडा बाहेर काढला.

"हे काय आहे?"

त्याने रस्त्यावरची नजर हलवली नाही. मागे एल्रिना एकदम सरळ होऊन बसली. "मा..."

"तू गप्प बस. मी याला विचारतेय."

"माझ्या आहेत," सारेल म्हणाला.

"का लागतात तुला पेपरमिंट?"

"तोंडाला कोरड पडते."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पायाची बोटं काढली, तिच्या शाळेच्या बक्षीस समारंभात तो झिंगून आला होता तो दिवस काढला, मेलेली सासू काढली. तो चाळीस किलोमीटर मुकाट्याने गाडी चालवत होता. घरी पोहोचल्यावर दारात उभा राहून त्याने स्वतःहून तोंड उघडलं आणि श्वास सोडला. पेपरमिंट होतं, बाकी काही नव्हतं. तरी मी महिनाभर त्याच्याशी धड बोलले नाही. फक्त पाहत होते. मे महिन्यात पाहिलं, जूनमध्ये पाहिलं. एकदाही कंठमणी हलला नाही, आणि मला त्याचा आनंद होण्याऐवजी रागच येत होता, की हा माणूस मला फसवतोय आणि कसा ते मला सापडत नाहीये.

मग जुलै आला. मिश्रणाचा दिवस.

तळघरावरच्या खोलीत लांब टेबल, त्यावर पांढरा कागद अंथरलेला, पाच पिंपांचे नमुने, मापाच्या काचेच्या नळ्या. टेबलाशी साहेब आणि त्यांनी शहरातून बोलावलेला एक जाणकार. त्यांच्यासमोर एल्रिना इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, कमरेला किल्ल्या. सारेलला साहेबांनीच बोलावलं होतं. "जुनं नाक आहे, बसू दे," म्हणाले. मी मटणाचा रस्सा आणि रोट्या घेऊन गेले आणि कोणी उठवेपर्यंत उठायचं नाही असं ठरवून खिडकीशी बसले. साहेबांच्या घराण्याची रीत अशी की या दिवशी प्रत्येकाची बादली वेगळी. एकाचं थुंकलेलं दुसऱ्याच्या बादलीत जाता कामा नये, हे त्यांच्या वडिलांपासूनचं.

बाप-लेकीने खुणा ठरवल्या होत्या. सारेलने ग्लास जवळ ठेवला तर त्या पिंपाचं जास्त घ्यायचं, लांब सारला तर कमी. डाव्या हाताने ठेवला तर अजिबात नको. मी सारेलच्या मानेला डोळे चिकटवले. एक, दोन, पाच, दहा. तो प्रत्येक वेळी वाकत होता, थुंकत होता. एल्रिना नळीने मापत होती, ओतत होती, आकडे लिहीत होती, आणि जाणकाराच्या प्रश्नांना ठणठणीत उत्तरं देत होती. "दुसऱ्या पिंपाला कणा आहे, पण सुवास तिसऱ्याचा." ही वाक्यं सारेलने तिच्याकडून आठवडाभर घोटून घेतली होती.

जेवणाची वेळ झाली तरी कोणी उठेना. शेवटचं मिश्रण साहेबांनी तोंडात घेतलं, फिरवलं, थुंकलं. मग दुसरा घोट घेतला. जाणकाराकडे पाहिलं. त्याने मान डोलावली.

"एल्रिना," साहेब म्हणाले, "माझ्या बापाला हे जमलं नव्हतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संपलं, मी मनात म्हटलं. वर्ष संपलं, पोरीचं नाव बाटलीवर गेलं, आणि हा माणूसही वाचला. एल्रिना हसत होती, गाल लाल, डोळे चमकत होते. तिने ग्लास उचलला.

सारेल उठला. टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ गेला, तिच्या समोरची बादली उचलली आणि पांढऱ्या कागदावर पालथी केली.

काहीच पडलं नाही. एक थेंबही नाही. त्याने बादली हलवून दाखवली, मग तिचा चकचकीत तळ साहेबांकडे केला.

"सकाळपासून बावीस वेळा चव घेतली, मेनीर," तो म्हणाला. "मी मोजत होतो. बावीसच्या बावीस तिच्या पोटात आहेत. आणि तिला वास येत नाही. मागच्या जूनपासून येत नाही. वह्यांमधलं नाक माझं आहे."

मी जागची उठले. कशासाठी उठले ते मला तेव्हा कळत नव्हतं. बहुतेक त्याच्या थोबाडीत मारायला. वर्षभर जीव मुठीत धरून जे राखलं ते या माणसाने एका वाक्यात मातीत घातलं होतं. मग मला एल्रिनाचा चेहरा दिसला. तो लाल गाल, ते चमकणारे डोळे. ते मी ओळखत होते. माझ्याइतकं चांगलं या खोलीत ते कोणी ओळखत नव्हतं, आणि समोर वर्षभर बसलेलं मला दिसलं नव्हतं.

"पा," एल्रिना म्हणाली. आवाज अगदी लहान पोरीसारखा. "पाच मिनिटं थांबला असतात. फक्त पाच मिनिटं."

"ऑक्टोबरपासून मी स्वतःला तेच सांगतोय. हा शनिवार होऊ दे. पुढचा होऊ दे. म्हटलं नाक परत येईल आणि ही आपली आपण थांबेल." त्याने बादली खाली ठेवली. "आज नाव बाटलीवर गेलं असतं तर मग तू कधीच थांबली नसतीस."

"तू मला नाही सांगितलंस?" मी ओरडले. "मला?"

"तू पहिल्याच दिवशी सगळं बंद केलं असतंस."

"केलंच असतं!"

"आणि तिचं काम गेलं असतं. मला ते बघवत नव्हतं. चुकलं माझं."

"मा, तू तर कधी बघितलंच नाहीस माझ्याकडे," एल्रिना म्हणाली. रागाने नाही. नुसतं सांगितलं. ते ऐकून मला रडूही आलं नाही.

जाणकार खिडकीबाहेर पाहत होता. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. ते वाईट माणूस नाहीत. एल्रिनाच्या कॉलेजच्या अर्जावर सही त्यांनीच केली होती. पण तळघर म्हणजे त्यांचा देव. त्यांनी टेबलावर हात पसरला. "किल्ल्या, पोरी."

तिला हुक सुटेना. तीनदा प्रयत्न केला. शेवटी सारेलने सोडवून दिला आणि किल्ल्या साहेबांच्या हातात ठेवल्या.

एल्रिनाने सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. मग तिने समोरचा ग्लास उचलला, तोच, तिच्या नावाचा होणार होता तो. आता लपवायचं कोणापासून? ग्लास ओठांपर्यंत गेला आणि सारेलने तिचं मनगट धरलं.

"सोडा, पा. मला काय, पाणीच लागतं ते."

"मलाही शेवटी शेवटी पाणीच लागायचं," सारेल म्हणाला.

त्याने मनगट सोडलं नाही, तिने ग्लास सोडला नाही. मी टेबलाच्या पलीकडून गेले आणि ग्लासाभोवतीची तिची बोटं एकेक करून उघडायला लागले.